कलेक्टर, शाळामास्तर आणि हडळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्यातल्या अनेक प्राथमिक शिक्षकांच्या हाती एक विलक्षण प्रश्नावली पडली. तुमच्या गावात कोणती भुते आहेत, ती कोठे राहतात, कोणाला धरतात, ती काढायला काय करतात, असे प्रश्न तिच्यात होते. ही माहिती ए. एम. टी. जॅक्सन हे सनदी अधिकारी गोळा करीत होते. संस्कृतचा त्यांचा अभ्यास होता आणि नाशिकचे कलेक्टर म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येते ते मात्र वेगळ्याच कारणाने. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुण क्रांतिकारकाने गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांवरच्या खटल्याचा तो बदला होता.

जॅक्सन गेले तरी मास्तरांनी लिहून पाठवलेली उत्तरे उरली. आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती संकलित करून गुजरातविषयीचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणाविषयीचा १९१५ मध्ये छापला. या ग्रंथांच्या तळटिपा वाचताना गंमत वाटते. तेथे विद्वानांची नावे नाहीत. अमुक गावचा शाळामास्तर, तमुक गावचा शाळामास्तर, अशीच साक्ष पानोपानी आहे. मराठी मुलखातल्या भीतीची इतकी पद्धतशीर नोंद त्याआधी क्वचितच झाली असेल आणि ती केली आमच्या वाचकांच्याच व्यवसायबंधूंनी. भयकथेमागच्या तत्त्वज्ञानाचा आणि मनोविश्लेषणाचा विचार करायला आम्ही पो किंवा लव्हक्राफ्टपासून सुरुवात न करता या मास्तरांपासून करतो त्याचे कारण एवढेच की, आपल्याला भिववणारी मंडळी त्यांनी आपल्यासाठी ओळीने उभी करून ठेवली आहेत.

त्या ओळीकडे जरा निरखून पाहू. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. समंध हा बहुधा निपुत्रिक मेलेला, ज्याचे क्रियाकर्म करायला कोणी नाही, किंवा ज्याचा जीव पुरलेल्या धनात अडकला आहे असा पुरुष. हडळ म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात, सोयराचे दहा दिवस पुरे होण्याआधी गेलेली बाई. जखीण ही नवरा जिवंत असता गेलेली सवाष्ण. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला. नावे आणि तपशील गावोगाव बदलतात, पण वर्गीकरणाचे तत्त्व बदलत नाही. ही सगळी माणसे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना मधल्या उंबऱ्यावर मेलेली आहेत. ज्याची मुंजच होत नाही तो मुंजा होऊ शकत नाही, म्हणजे मेल्यानंतरही जात आणि संस्कार यांचा हिशेब चुकत नाही. भरल्या घरात, नातवंडे पाहून, यथासांग गेलेल्या म्हाताऱ्याचे भूत सहसा होत नाही.

हा उंबरठ्याचा विचार आर्नल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने 'संक्रमणविधी' या कल्पनेतून मांडला. त्याचे फ्रेंच पुस्तक १९०९ मध्येच निघाले. जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू या प्रत्येक वेळी माणूस आधी जुन्या स्थानापासून तुटतो, मग काही काळ कोठलाच नसतो आणि नंतर नव्या स्थानी रुजतो. मधला काळ सर्वांत धोक्याचा. नाशिककरांना हे समजावून सांगायची गरज नाही. रामकुंडावर दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेले कुटुंब हे या मधल्या काळाचे चित्रच आहे आणि तीस किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करायला लांबलांबून लोक येतात ते अपमृत्यू आलेल्यांना पुढच्या काठावर पोचवण्यासाठीच.

हडळीबद्दल थोडे थांबायला हवे. बाळंतज्वर हा जंतुसंसर्गाचा रोग बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या दहा दिवसांतच उलटतो. हात क्लोरिनच्या पाण्याने धुतले तर या रोगाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात, हे सेमेलवाइस याने व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्येच दाखवून दिले होते. आमच्या खेड्यांत ते ज्ञान पोचायला फार वर्षे लागली. म्हणजे हडळ तयार होण्याचे दिवस आणि जंतूंनी बाई नेण्याचे दिवस एकच होते. प्रत्येक गावात अशा बायका मरत होत्या, प्रत्येक गावात हडळ होती. समोरून सुंदर, पाठीमागून पोकळ, पावले उलटी, असे जे तिचे वर्णन करतात त्याच्या मागे एका तरुण मुलीचे तापाने फणफणलेले अंथरूण आहे.

पण मेलेल्याबद्दल दुःख वाटावे. भीती का वाटावी? येथे व्हिएन्नाच्याच दुसऱ्या वैद्याकडे वळावे लागते. सिग्मंड फ्रॉइडने १९१२-१३ मध्ये लिहिलेल्या 'टोटेम आणि टॅबू' या ग्रंथात याचे उत्तर दिले. जवळच्या माणसाविषयी आपल्या मनात प्रेम असते तसा सुप्त रागही असतो. तो माणूस मेला की त्या रागाची आपल्याला लाज वाटते, मग आपण तो स्वतःच्या मनातून काढून मृताच्या मनात घालतो. 'मी तिच्यावर रागावलो होतो' याचे 'ती माझ्यावर रागावली आहे' असे रूपांतर होते. दुसरेपणावर दिलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालण्याची चाल आपल्याकडे होती, तिचा अर्थ यापेक्षा सरळ लावणे अवघड आहे. सासरी जिचे हाल झाले तिचीच हडळ अधिक जहाल होते, हेही मग समजते. आमच्या मते येथे बालपणीच्या दडपलेल्या वासनांपर्यंत खोल जाण्याचे कारण नाही. घरातल्या माणसांना काय घडले ते ठाऊक होते, तेवढे पुरे आहे.

१९१९ मध्ये फ्रॉइडने या विषयावर आणखी एक निबंध लिहिला. जर्मनमध्ये 'हाइम' म्हणजे घर. त्यावरून 'हाइम्लिश' म्हणजे घरगुती, ओळखीचे. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ झाकलेले, गुप्त असाही होतो. 'अनहाइम्लिश' म्हणजे अंगावर काटा आणणारे, अद्भुत-भीषण. फ्रॉइडचे म्हणणे असे की, काटा येतो तो पूर्णपणे परक्या वस्तूने नव्हे. जे एकेकाळी घरचे होते, आपण दडपून टाकले होते, ते परत दारात उभे राहिले की येतो. याच निबंधाच्या एका टिपेत त्याने स्वतःचा प्रसंग दिला आहे. रेल्वेच्या डब्यात धक्का बसून दार उघडले आणि प्रवासी टोपी घातलेला एक म्हातारा आत आला. 'आपण चुकून येथे आलात' असे सांगायला फ्रॉइड उठला, तर ते दारावरच्या आरशातले त्याचेच प्रतिबिंब. म्हातारा त्याला अजिबात आवडला नव्हता!

मराठीत यासाठी एक शब्द आहे आणि तो बरोबर उलट दिशेने चालतो. कोणी झपाटले की आपण म्हणतो, 'त्याला बाहेरचे झाले आहे'. बाहेरची बाधा, बाहेरचे पाहणारा देवऋषी. आणि पाळी आलेली बाईही आपल्याकडे 'बाहेरची' होते, घरातच असून घराबाहेर बसते. मास्तरांची यादी पुन्हा वाचली तर लक्षात येते की, बाहेरच्या या मंडळींपैकी बहुतेक सगळी घरचीच आहेत: मुंजीतला मुलगा, निपुत्रिक काका, बाळंतीण सून. जर्मन शब्द जे कबूल करतो ते मराठी शब्द नाकारतो, आणि भाषा एखादी गोष्ट इतक्या ठामपणे नाकारते तेव्हा तेथे काही दडलेले असावे, असे फ्रॉइड म्हणाला असता.

मात्र 'असे फ्रॉइड म्हणाला असता' यातच एक अडचण आहे. कबूल केले तरी सिद्धान्त खरा, नाकारले तरी खरा! कार्ल पॉपर तेव्हा व्हिएन्नातच होता, सतरा वर्षांचा. १९१९ च्या उन्हाळ्यातच आपल्याला अशा सर्वकाही स्पष्ट करणाऱ्या सिद्धान्तांविषयी शंका वाटू लागल्याचे त्याने पुढे लिहिले आहे. कोणती गोष्ट घडली तर सिद्धान्त खोटा ठरेल हे जो सांगू शकत नाही तो विज्ञानात बसत नाही, हा त्याचा निकष विज्ञानशिक्षकांना परिचित आहे. याच निबंधात फ्रॉइडने हॉफमनच्या 'सँडमॅन' या कथेतली डोळे काढले जाण्याची भीती ही प्रत्यक्षात लिंगच्छेदाची भीती आहे असे ठरवले आहे. डोळे गमावण्याची भीती ही डोळे गमावण्याचीच भीती का असू नये, याला त्याच्यापाशी पटण्याजोगे उत्तर नाही.

सुदैवाने एक जागा अशी आहे की, जेथे मनोविश्लेषणाची खरोखर परीक्षा झाली. रात्री जाग येते, डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण हातपाय हलत नाहीत. कोणीतरी छातीवर बसले आहे, श्वास कोंडतो आहे. 'भूत छातीवर बसले' असे सांगणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला भेटलेला असतो आणि तो खोटे बोलत नसतो. फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने १९३१ मध्ये दुःस्वप्नावर पुस्तक लिहून या अनुभवाचे मूळ दडपलेल्या निषिद्ध कामवासनेत दाखवले. १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली एक विशिष्ट अवस्था शोधली. तिच्यात बुबुळे बंद पापण्यांआड भराभर हलतात आणि स्वप्ने ठळक पडतात. या अवस्थेत मेंदूचा बुंधा हातापायांच्या स्नायूंकडे जाणारे संदेश अडवतो, हेही पुढे कळले. नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरेच पळत सुटलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि हा अडसर उशिरा निघतो. बरगड्यांमधले स्नायू शिथिल असतात, श्वास केवळ पोटाच्या पडद्यावर चालतो, मुद्दाम दीर्घ श्वास घ्यायला जावे तर घेता येत नाही. छातीवर वजन असल्याचे वाटते ते त्यामुळे. अपुरी झोप, अनियमित झोप आणि उताणे झोपणे यांनी हे अधिक वेळा होते. कामवासनेची येथे काही गरज उरली नाही. पण छातीवर बसलेला तो एका घरी मुंजा आणि दुसऱ्या घरी हडळ का असतो, हे मेंदूचा बुंधा सांगत नाही. ते मास्तरांच्या यादीतच शोधावे लागते.

आता भयकथेकडे येऊ. भीती ही दुःखद भावना. मग पैसे देऊन ती विकत का घ्यावी? १९१९ हे वर्ष नाशिकच्या इतिहासात आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके तेव्हा नाशिकला चित्रपट काढीत होते आणि त्या वर्षी त्यांचा 'कालिया मर्दन' आला. कृष्णाची भूमिका त्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केली होती. त्या मूकपटाच्या आरंभी फाळके प्रेक्षकांना आधी मंदाकिनी दाखवतात. ती चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे हे नाटक आहे, ही सात-आठ वर्षांची मुलगी आहे, हे आधीच सांगून टाकले. तरी पुढे डोहात तो अजस्र नाग दिसला की जीव वर-खाली होतोच. खोटे आहे हे माहीत असताना आपण भितो ते काय म्हणून, हा प्रश्न १९७५ च्या सुमारास इंग्रजी तत्त्वज्ञांत मोठ्या वादाचा झाला. फाळक्यांनी तो एका दृश्यातच मांडून ठेवला होता.

युरोपात बर्कने १७५७ मध्ये सांगितले होते की, भय पुरेशा अंतरावर असले की सुखद होते. ठीक आहे, पण अंतर म्हणजे नेमके काय? आमच्या मते याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर त्याच्याही साडेसातशे वर्षे आधी काश्मीरमध्ये दिले गेले. भरताने भयानक हा एक रस मानला आणि भय हा त्याचा स्थायीभाव. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत अभिनवगुप्ताने उदाहरणाला 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातले ते रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे हरीण घेतले. हे हरीण कोठले, केव्हाचे, हे प्रेक्षकाच्या मनात राहत नाही. बाण मारणारा खरा नसतो. त्यामुळे 'मी भ्यालो', 'ते भ्याले', 'माझा शत्रू भ्याला, बरे झाले' यांपैकी कोणतीच वृत्ती उठत नाही. देशकालाने न बांधलेले निव्वळ भय उरते आणि तेच आस्वादाचा विषय होते. याला साधारणीकरण म्हणतात. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची जाणीव सोडत नाही. घाबरलेला वाचक पळून जात नाही, पान उलटतो, हे त्या कल्पनेने चांगले समजते. केळकरांची ही कल्पना त्या काळी गाजली, वादग्रस्तही ठरली. भयकथेला ती किती नेमकी लागू पडते इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भयकथा तेव्हा साहित्यात मोजतच नसत.

ती मोजायला भाग पाडले नारायण धारपांनी. १९२५ मध्ये जन्मलेले आणि २००८ मध्ये वारलेले धारप शिक्षणाने रसायनतंत्रज्ञ. 'नेनचिम'सारख्या विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या, पण घराघरांत पोचले ते 'चेटकीण', 'लुचाई' यांसारख्या पुस्तकांनी. त्यांच्यावर दोन अमेरिकी लेखकांची छाया आहे, स्टीफन किंग आणि एच. पी. लव्हक्राफ्ट, आणि दुसऱ्याची आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. लव्हक्राफ्ट (१८९० ते १९३७) हा खगोलशास्त्राचा नाद असलेला पक्का निरीश्वरवादी. त्याच्या कथांत भूत सूड घ्यायला येत नाही. विश्व अफाट आहे, त्यात आपल्याहून प्राचीन काहीतरी आहे आणि त्याला आपल्याविषयी द्वेषही नाही, ही त्यातली भीती. मुंजा, हडळ यांच्या तुलनेत हे किती वेगळे आहे पाहा. हडळीला निदान आपले नाव ठाऊक असते.

धारपांनी ही थंड भीती मराठीत आणली आणि लगेच तिच्यावर तोडगाही ठेवला: समर्थ. अशुभाशी लढायला येणारा हा त्यांचा नायक अनेक पुस्तकांत भेटतो. त्याच्या नावाने वाचकाला काय आठवावे हे सांगायला नको. लव्हक्राफ्टच्या जगात मदतीला कोणी येत नाही, हेच तर त्याचे म्हणणे होते. धारपांना ते पेलले नाही, असे एखादा टीकाकार म्हणेल. आम्हाला वाटते, त्यांना वाचक ठाऊक होता. रत्नाकर मतकरींनी (१९३८ ते २०२०) वेगळी वाट धरली. त्यांनी आपल्या लेखनाला 'गूढकथा' म्हटले. तिथली भीती पुष्कळदा चाळीतल्या खोलीत, नात्यांच्या आत असते. फ्रॉइड त्यांनाच अधिक लागू पडतो.

धारपांच्या एका कथेवरून स्फुरलेल्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात ही दोन्ही भये एकत्र दिसतात. लहान मुलाला घरी ठेवून आई गेली आहे आणि साखळीने बांधलेल्या म्हातारीला भरवायचे काम त्याच्यावर आले आहे. गोष्ट सांगणारी, मऊ हाताची आजी ही मराठी माणसाची सर्वांत घरची व्यक्ती. तीच तेथे भूक होऊन उठते. नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९० मध्ये मांडले की, भयकथेतला राक्षस दोन अटी पुऱ्या करतो: तो धोकादायक असतो आणि तो आपल्या वर्गवारीत बसत नाही, म्हणून विटाळल्यासारखा वाटतो. जिवंत-मृत, माणूस-पशू, आजी-भूक. 'विटाळ म्हणजे चुकीच्या जागी पडलेली वस्तू' हा मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा १९६६ मधला विचार त्याने घेतला. आणि आपण पाहत राहतो ते कुतूहलाने, असे तो म्हणतो: हे काय आहे, ते कळावे म्हणून.

कुतूहल आणि भीती खरोखर वेगळी होऊ शकतात, याचा एक पुरावा २०११ मध्ये अमेरिकेतून आला. एका दुर्मिळ आजाराने एका स्त्रीच्या मेंदूतले अमिग्डला हे दोन्ही बदामी आकाराचे भाग निकामी झाले होते. संशोधकांनी तिला साप दाखवले, कोळी दाखवले, भुताटकीच्या करमणूकघरात नेले, भयपट दाखवले. ती घाबरली नाही. उलट तिला सापांना हात लावायचा होता. दोन वर्षांनी तिलाच ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगवली, तेव्हा मात्र ती प्राणभयाने कासावीस झाली. बाहेरून येणाऱ्या भीतीचा रस्ता बंद होता. शरीराच्या आतून, श्वास कोंडल्याने उठणारी भीती दुसऱ्या वाटेने आली. छातीवर बसणाऱ्या त्या भुताची येथे आठवण होते.

कॅरलच्या दोन अटी, धोकादायक आणि विटाळलेली, पुस्तकाबाहेर जिवंत बाईलाही लावता येतात. नंदुरबारपासून नाशिकच्या डोंगरी भागापर्यंत एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करणे, गावाबाहेर काढणे, जीव घेणे, असे गुन्हे या शतकातही नोंदले गेले आहेत. ती पुष्कळदा विधवा, एकटी किंवा निपुत्रिक असते. कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मास्तरांच्या यादीत उंबऱ्यावर मेलेली बाई भूत होत होती; येथे उंबऱ्यावर जगणारी होते. अभिनवगुप्ताने सांगितलेला एकही अडथळा येथे गळून पडलेला नसतो: बाई अमुक गावची, अमुक घरची, आणि भ्यालेला माणूस 'मी' असतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर त्याच महिन्यात निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत एक नोंद अशी आहे की, अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे भासवून तिला त्रास देणे हा गुन्हा आहे. भूत असते की नसते, याविषयी ती नोंद काहीच म्हणत नाही. गाईचे दूध अचानक कमी होते ते अनेकदा कासदाहाने. कास सुजते, गरम लागते, दुधात गाठी येतात. हा रोग बहुधा जिवाणूंमुळे होतो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावर उपचार मिळतात.